बिटांचे पाटकरी

वाटून देण्याची अक्कल देवाने सगळ्यांना सारखी दिली असती तर जगात एकही भांडण झालं नसतं, असं मानणारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चहाबरोबर ऐकवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आलेला आहे. आमचे दाजी! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे शेवगावकडचे, नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात, आणि निवृत्त झाल्यापासून मुक्काम केडगावला. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक खोली. खात्याच्या कागदावर त्यांचा हुद्दा कालवा निरीक्षक असा भारदस्त होता, पण गावोगावचे लोक त्यांना पाटकरीच म्हणायचे आणि त्यांनाही तेच आवडायचं. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की कुठल्या चारीला, म्हणजे पोटपाटाला, किती तास पाणी, कुणाचं दार कधी उचलायचं, कुणाचं कधी पाडायचं, हे दाजींनी ठरवायचं आणि अर्ध्या तालुक्याने त्यांना शिव्या द्यायच्या, असा तीस वर्षांचा शिरस्ता. निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, नातवंडं सांभाळतात, निदान बागेत जाऊन हास्यक्लब तरी करतात. दाजी वरच्या पत्र्याच्या खोलीत बसून व्हिडिओ बारीक करतात.

"व्हिडिओ म्हंजी पाटच हाय, मास्तरीणबाई," असं त्यांनी मला एकदा समजावलं. मी संगमनेरला शाळेत शिकवते, म्हणून मी मास्तरीणबाई. माझं खरं नाव ते बहुतेक विसरले असावेत. "सेकंदाला किती बिट सोडायचे, ह्याला म्हनायचं बिटरेट. लई सोडले तर फाईल फुगती, मोबाईलमधी मावत न्हाई. कमी सोडले तर पीक करपतं. म्हंजी मानसांची तोंडं चौकोनी व्हतात. पानी तेवढंच अन् रानं लई. डोकं लागतं ते हितं." मी गंभीरपणे मान डोलावली. खरं सांगते, मला ओ की ठो कळलं नव्हतं, पण दाजींना 'नाही कळलं' म्हणायची चूक मी एकदा केली होती आणि त्या दिवशी माझी संगमनेरची गाडी चुकली होती.

आता हे काम हल्ली कुणीही चार बटणं दाबून करतं. पण बटण दाबणं दाजींना मानवत नाही. बटण म्हणजे दुसऱ्याने आपल्याला न विचारता वाटलेलं पाणी, असं त्यांचं म्हणणं. ते कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडतात आणि तिच्यात दोन बोटांनी, ओठ हलवत, स्तोत्र पुटपुटावं तशा लांबलचक आज्ञा टाईप करतात. माउस ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. पाहुण्यांबरोबर लहान मूल आलं की ते त्याला खेळायला देतात. या काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं पळताना शेजारच्या वहिनींनी पाहिली आणि त्यांची खात्री पटली की हा माणूस हॅकर आहे. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी त्या वाटीभर शिरा घेऊन वर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या बंटीचं गणित तेवढं बघता का जरा? चारच मार्क कमी पडलेत हो." दाजींनी आधी शिरा संपवला. मग शांतपणे म्हणाले, "वैनी, मला फकस्त बारीक करता येतं. मी हात लावला तर हायेत ते बी जातील." वहिनींनी रिकामी वाटी उचलली ती पुन्हा भरून आणली नाही.

त्या आज्ञा ते जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागे लिहून ठेवतात. अशी पानं घरभर असतात. एकदा ताईने त्यातलं एक पान बेसनाच्या लाडवांच्या डब्यात तळाला घातलं. दाजींना नेमकी तीच आज्ञा हवी होती. लाडू दुसऱ्या डब्यात काढून घ्यावेत, हे शेंबड्या पोराला सुचलं असतं. दाजी मात्र डबा मांडीवर घेऊन बसले आणि तळ दिसेपर्यंत लाडू खात राहिले. संध्याकाळी पोट धरून पडले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं, कारण आज्ञा मिळाली होती आणि तुपाने एक आकडासुद्धा पुसला गेला नव्हता.

दाजींचं सगळ्यात कडक व्रत म्हणजे दोन फेऱ्या. व्हिडिओ नीट बारीक करायचा तर कॉम्प्युटर तो आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता बघतो. कुठे धावपळ आहे, कुठे शांत आहे, याची टिपणं काढतो, बनवत काहीच नाही. मग दुसऱ्या फेरीत त्या टिपणांप्रमाणे बिट वाटतो. शांत जागी थोडे, धावपळीला जास्त. हे एकदा कळल्यापासून दाजी जगातलं कुठलंच काम एका फेरीत करीत नाहीत. भाजीबाजारात पहिली फेरी पिशवीशिवाय. लग्नाच्या बुफेत पहिली फेरी ताटाशिवाय. पाठीमागे हात बांधून, प्रत्येक भांड्यावरून वाकून बघत जातात, आणि वाढपी त्यांना अन्नतपासणी अधिकारी समजून सावरून उभे राहतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमचे वडील, अण्णा, हयात नव्हते, म्हणून राहुरीचं स्थळ बघायला दाजी गेले. पहिल्या खेपेला दीड तास बसले, पोहे खाल्ले, चहा प्यायले आणि एक अक्षर न बोलता उठून आले. तिकडच्यांना वाटलं, मुलीचे मेव्हणे मुके आहेत. आठ दिवसांनी पुन्हा गेले आणि पंचेचाळीस प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता की, मुलगा रागावला तर किती वेळ रागात राहतो. माझ्या नवऱ्याने काय उत्तर दिलं ते दोघांनीही मला आजवर सांगितलेलं नाही. पण घरी येऊन दाजी म्हणाले, "द्या बिनघोर. मानूस स्थिर हाय." स्थिर यापेक्षा मोठी पदवी दाजींकडे नाही, कारण स्थिर गोष्टीला बिट कमी लागतात.

लग्नं मात्र दाजींना सोसत नाहीत. मांडवात शिरले की नवरा-नवरीकडे बघायच्या आधी ते वर बघतात. लुकलुकणाऱ्या माळा किती, धुराचं मशीन आहे का, चमकीचे कागद उडवणारी तोफ आहे का. एकेका गोष्टीला त्यांच्या तोंडून बारीकसं 'च्च' निघतं. पण खरी दुष्मनी अक्षतांशी. हजार माणसं एकाच क्षणी मूठमूठ तांदूळ उधळतात, एकेक दाणा वेगळ्या वाटेने जातो, आणि प्रत्येक दाण्याला बिट हवा. "समदं चित्र हलतं, अन् त्याच टायमाला लोकांना नवरा-नवरीचं तोंड बघायचं असतं! पाटाच्या पार शेवटाला असलेल्यानं पानी मागायचं अन् तेवढ्यात वरच्यांनी समदी दारं उघडायची, तसला परकार!" असं ते भर मंगलाष्टकांत माझ्या कानाशी म्हणतात. फुलांच्या पाकळ्या त्यांना चालतात. पाकळी मोठी, सावकाश येते, परवडते. शेवगावला एका लग्नात तर त्यांनी कहर केला. पुढच्या रांगेतल्या बायकांना हात जोडून म्हणाले की, "अक्षता थोड्या टाका, अन् जमलं तर एका बाजूनंच टाका." तिथे नवरीची आजी बसली होती. ती ताडकन उठली. "आरं मुडद्या, माझ्या नातीच्या लग्नात अक्षता बी तुला इचारून टाकू व्हय? सर बाजूला!" असं म्हणून तिने ओंजळभर अक्षता दाजींच्याच डोक्यावर ओतल्या. सगळा मांडव हसला. मीही पोट धरून हसले. त्या हसण्यात ताई नव्हती, हे मला गाडीत बसल्यावर जाणवलं.

अक्षतांचं हे वेड आलं कुठून, ते आता सांगायलाच हवं. ताईचं लग्न संगमनेरला झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. दाजींकडच्यांनी शेवगावचा एक शूटिंगवाला बरोबर आणला होता. तीन तासांची कॅसेट झाली. अण्णा दूध संघात कामाला होते आणि कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचे, त्यामुळे तीन तासांच्या त्या लग्नात मुलीचा बाप सापडतो तो एकदाच. शेवटच्या मंगलाष्टकाला, अंतरपाटाशी ताईच्या मागे उभे, अकरा सेकंद. पुढे सात वर्षांनी सीड्यांचा जमाना आला. दाजींनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि अंगात नवं वारं शिरलं होतं. सगळ्यांसमोर जाहीर केलं की, अख्खं लग्न एका सीडीत बसवून दाखवतो. बसवलंही! कसं, तर कालव्यावर वागायचे तसंच सचोटीने. भेदभाव नाही, प्रत्येक सेकंदाला सारखे बिट. मांडवात नुसता पंखा फिरतोय, तरी तेवढेच, आणि अक्षतांचा पाऊस पडतोय, तरी तेवढेच. लहानशा टीव्हीवर लांबून बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी स्वतः "जावई हुशार हं आमचा" म्हणून पाठ थोपटली. मग कॅसेट आता कशाला जागा अडवायला, म्हणून दाजींनी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. पुढच्याच वर्षी अण्णा गेले. सकाळी सायकल काढून कामावर निघाले आणि वाटेतच गेले.

तेरावं उरकल्यावर ताईने ती सीडी लावली. तिला अण्णांना चालता-हलताना बघायचं होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता सुरू झाल्या, आणि अण्णांच्या जागी पाच-सहा मातकट चौकोन हलू लागले. सगळे बिट तांदळाने खाल्ले होते. ताईने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. मग टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेली. दाजींना ती काही म्हणजे काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. भांडली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ताईचं न बोलणं फार वाईट असतं, ते मी लहानपणापासून भोगलंय. त्याच महिन्यात दाजींनी पहिल्यांदा ती काळी खिडकी उघडली. आम्ही आपले वीस वर्षं त्यांना छंदिष्ट म्हणून हसत बसलो.

या वीस वर्षांत शेवगावला गेले आणि त्या शूटिंगवाल्याकडे डोकावले नाहीत, असं एकदाही झालं नाही. "कुठं सापडती का हो मूळ कॅसेट?" तो बिचारा सांगायचा की, साहेब, तुम्हाला दिली ती नक्कल, मूळ कॅसेटवर आम्ही पुढचं लग्न उतरवायचो, तुमच्यावर केव्हाच दुसरी वरात फिरली असेल. त्याने तो धंदा बंद करून बियाण्यांचं दुकान टाकलं, तरी दाजींचा फेरा चुकला नाही. पालथ्या घड्यावर पाणी! आणि गेल्या उन्हाळ्यात त्याने जुनं घर पाडायला काढलं, तर माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली. आत सतरा कॅसेटा. एकीवरच्या चिकटपट्टीवर दाजींचं आडनाव होतं. फोन आला तेव्हा मी आणि आई सुट्टीसाठी केडगावलाच होतो. दाजींनी फोन ठेवला, बनियनवरच स्कूटर काढली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन शर्ट घालायला परत आले.

कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. दाजींनी ती उघडली आणि दोन दिवस वीतभर, वीतभर करीत कापसाने पुसली. भंगारबाजारातून आणलेले तीन व्हीसीआर त्यांच्याकडे होते, त्यातला एक चालता निघाला. "ही एकदाच चालंल," ते मला म्हणाले. "फीत लई कच्ची झालीय. एकाच फेरीत समदं उतरवून घ्यायचं. तुटली तर तुटली." हे बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दुपारी कॅसेट लावली. ताईला वर बोलावलं तर म्हणाली, कुकर लावायचाय. कुकर दोन तासांपूर्वीच झाला होता, पण मी वाद घातला नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काडेपेटीएवढ्या चौकटीत लग्न उतरत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तसे दाजी खुर्चीत वळून भिंतीकडे तोंड करून बसले. "तुमी बघा, मास्तरीणबाई. मला न्हाई बघवत. अण्णा हायेत का तेवढं सांगा." मी डोळे फाडून बघितलं. एवढ्याशा चौकटीत चेहरा कळत नव्हता, पण ताईच्या मागे पांढऱ्या उपरण्यातला माणूस होता. "आहेत," मी म्हटलं. दाजींनी भिंतीलाच नमस्कार केला.

उतरवलेली फाईल ऐंशी जीबीची झाली आणि मग ताईने आपली अट सांगितली. तिला ते लग्न स्वतःच्या मोबाईलमध्ये हवं होतं. तिचा मोबाईल म्हणजे बोलायची सोय नाही. जुनापुराणा, मेमरी कार्डाला खाच नाही, आणि आत जागा उरलेली चारशे एमबी. बाकी सगळी जागा भिशीच्या ग्रुपमधल्या शुभ सकाळने व्यापलेली. त्यातलं काही पुसायचं नाही आणि नवा फोन घ्यायचा नाही, कारण हा चालतोय. मी म्हटलं, "अगं ताई, मग अण्णांचा तेवढा तुकडा घे ना! तो कितीही चांगला करता येईल." ताई माझ्यावर खेकसली. "तुकडा नको मला. तुकडा लावला की दहाव्याला गेल्यासारखं वाटेल. माझं लग्न बघता बघता अण्णा आले पाहिजेत." तीन तासांचं लग्न चारशे एमबीत, म्हणजे त्या जुन्या सीडीपेक्षाही कमी पाण्यात भिजवायचं होतं.

आता नवी यंत्रं जुन्यापेक्षा हुशार, थोड्या पाण्यात जास्त भिजवतात, हे खरं. पण अकरा सेकंद अक्षतांसकट लखलखीत करायचे तर बिट दुसऱ्या कुणाकडून तरी काढायला हवे. व्हिडिओतल्या ठराविक जागी दार पाडून दुसऱ्या जागी उचलायची आज्ञा दाजींना येत होती. प्रश्न होता, पाणी तोडायचं कुणाचं? दाजींनी सवयीप्रमाणे लाभधारकांना विचारायला घेतलं, आणि इथेच त्यांचं चुकलं. आई म्हणाली, रुखवत स्पष्ट दिसलं पाहिजे, ताटावरची नक्षी मी स्वतः काढलीय. फोनवर मामा म्हणाले, फेटे बांधायला हात लावाल तर खबरदार. आत्याला जांभळी साडी जांभळीच हवी होती. दाजींची थोरली बहीण, शेवगावच्या आक्का, त्यांनी तर निर्वाणीचंच सांगितलं, "माझा नाच धूसर केलास तर भाऊबीजेला तोंड दावू नगंस!" मला विचारलं तेव्हा मीही म्हटलं की, हळदीतला माझा पिवळा फ्रॉक राहू द्या हं. दाजींनी फोन खाली ठेवला आणि उसासा टाकला. "तीस वर्सं हेच ऐकलं, मास्तरीणबाई. शेवटच्याला पानी मिळावं असं समद्यांनाच वाटतं. दार मातुर शेजाऱ्याचं पाडा."

तीन दिवस वरच्या खोलीत पंखा आणि कॉम्प्युटर घरघरत होते. दाजी जेवायला खाली येत, भातात ताक कालवून डोळे मिटून बसत आणि अर्धा घास तसाच ठेवून वर पळत. 'ताई अंतिम', 'ताई खरंच अंतिम', 'ताई आता पुरे' अशा नावांच्या फायली होत होत्या आणि पुसल्या जात होत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन ताईच्या हातात दिला. "तीनशे अठ्ठ्यान्नव एमबी," म्हणाले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

ताई ओट्याशी टेकून बघायला लागली, आई खुर्चीत बसून, आणि मी ताईच्या खांद्यावरून. हळद झाली, माझा फ्रॉक पिवळाधमक. रुखवतातली नक्षी मोजून घ्यावी अशी. मामांचा फेटा, आत्याची जांभळी साडी, आक्कांचा नाच, सगळं जागच्या जागी. मग नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाले, आणि पडद्यावर नुसता चिखल झाला. घोडा कुठला, माणूस कुठला, काही कळेना. चार-पाच तपकिरी चौकोन देवळाकडे सरकत होते. "हे काय हो?" ताईने विचारलं. "त्ये ऱ्हाऊ दे, पुढं बघ," दाजी दारातून म्हणाले. पुढे नवरदेवाची पूजा, तिथेही चौकोन. नवरदेव एकटा खुर्चीत बसलाय, तिथेही चौकोन. जिथे जिथे दाजी एकटे होते तिथे तिथे दाजी नव्हते. आणि मग अंतरपाट आला.

शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि अक्षता सुटल्या. खरं सांगते, एकेक दाणा दिसत होता. आणि त्या दाण्यांच्या मागे अण्णा होते. नाक, मिशी, कपाळावरचा तो आडवा व्रण, सगळे अण्णा. उपरण्याच्या टोकाने डोळे पुसत होते आणि पुसता पुसता हसत होते. "अगं बाई!" आई म्हणाली, "हे तर मळकं उपरणं! नवं घडी करून ठेवलं होतं मी, ऐकलं का या माणसाने?" आणि तिने पदर तोंडाला लावला. पण मी बघत होते ते दुसरंच. अण्णांचा एक हात डोळ्यांशी होता, दुसरा खाली होता. त्या हाताखाली एक मुलगी तोंड वर करून अक्षता झेलत उभी होती, आणि तांदूळ डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून अण्णांनी तळवा तिच्या कपाळावर आडवा धरला होता. ती मी होते. मला हे मुळीच आठवत नव्हतं. त्या सीडीतल्या मातकट चौकोनांत एक चौकोन मी होते, हे मला वीस वर्षं माहीत नव्हतं. मी ओट्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडले, आणि रडताना मला कुणाचीच लाज वाटली नाही.

ताई रडली नाही. तिने ते अकरा सेकंद चार वेळा पाहिले, मग मागे जाऊन तो घोडा पाहिला, आणि फोन बाजूला ठेवून दाजींकडे वळली. "त्या सीडीचा मला राग होता," ती म्हणाली. "वीस वर्षं होता."

"ठावं हाय मला," दाजी म्हणाले.

"तो आज गेला. पण हे तुम्ही बरं नाही केलंत. माझ्या लग्नात माझा नवराच नाही."

"मी काय, हितं रोज दिसतोय की. जो समोर हाय त्याच्यावर कशाला घालवायचे बिट?"

"आणि उद्या नसलात म्हणजे?"

दाजी दाराची कडी वर-खाली करीत राहिले. ताईने हाताला धरून त्यांना आणलं, खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. जागा नाही म्हणून फोन कुरकुरला, तर तिने भिशीच्या साऱ्या शुभ सकाळी एका फटक्यात, न बघता पुसून टाकल्या. "मागनं उजेड येतोय, तोंड काळं पडंल," दाजी सवयीने म्हणाले. "पडू दे. हलू नका. बोला काहीतरी." "काय बोलू?" "काहीही बोला." दाजींनी फोनच्या त्या बारक्या काचेकडे बघितलं. मग म्हणाले, "अण्णा, लई उशीर केला मी. माफी असावी." आणि हाताच्या पालथ्या मुठीने नाक पुसून तसेच बसून राहिले.

ताईने फोन एका हातात धरला होता, त्यामुळे तो व्हिडिओ फार हललाय, आणि दाजींचं तोंड खरंच काळं पडलंय. संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "आन तो फोन. जरा नीट बारीक करून देतो." ताईने फोन कमरेला खोचला. "हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आहे तेवढा सगळा राहू दे."